घाटावरची सेडान कोकणात उतरवावी का?

प्रश्न : मी ५७ वर्षांचा. चिपळूणच्या बाजारपेठेत रंग-हार्डवेअरचं दुकान आहे आणि गुहागर तालुक्यात हापूसची छोटी बाग. २०१२ची टोयोटा फॉर्च्युनर (३ लिटर डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर) नवी घेतल्यापासून मीच चालवतोय. १ लाख ९० हजार किलोमीटर झाले, फारसा त्रास नाही. पुण्यातला भाचा परदेशी चाललाय. त्याची २०२०ची बीएमडब्ल्यू ३२०डी, ४६ हजार किलोमीटर झालेली, तो मला २९ लाखांत देतो म्हणतो. माझ्या गाडीला ९ लाख येतायत. दर पंधरा दिवसांनी आम्ही मुलीकडे पुण्याला जातो, कुंभार्ली घाटाने. पत्नीला पाठदुखी आहे, कधी कधी ८१ वर्षांची आईही बरोबर असते. वर्षाला सगळं मिळून १५ हजार किलोमीटर होतात. मेव्हणे म्हणतात, "या वयात ट्रक चालवणं पुरे झालं." मुलगी म्हणते, जुन्या गाडीत दोनच एअरबॅग आहेत, नवीच घ्या. काय करावं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : थेट सांगतो. भाच्याची गाडी घेऊ नका. आणि फॉर्च्युनर ठेवायची की विकायची, ते मला न विचारता तिच्या चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीला विचारा. कसं विचारायचं ते पुढे लिहितो.

पण आधी मेव्हण्यांचं आणि मुलीचं म्हणणं बाजूला सारून चालणार नाही, कारण दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. तुमच्या १५ हजारांपैकी साधारण १० हजार किलोमीटर पुण्याच्या फेऱ्यांचे आहेत. म्हणजे दोन तृतीयांश वापर लांबच्या रस्त्यावरचा, आणि तिथे ३२०डी तुमच्या गाडीपेक्षा सगळ्या बाबतींत सरस आहे. १९० हॉर्सपॉवर, आठ गिअरची ऑटोमॅटिक, जमिनीलगत बसलेला बांधा. कुंभार्लीच्या वळणांवर फॉर्च्युनर आधी कलते, मग वळते. मागे बसलेला माणूस वरचं हँडल धरून असतो. सेडानमध्ये त्याला वळण आलं आणि गेलं हेही कळत नाही. उंब्रजला हायवेला लागल्यावर पुढचे दोन-अडीच तास तर तुलनाच नको. ही गाडी घेऊन तुम्ही साताऱ्यात राहत असतात, तर मी हे पत्र दोन ओळींत संपवलं असतं.

प्रश्न उरलेल्या एक तृतीयांशाचा आहे. बागेचा रस्ता, बाजारपेठ आणि पावसाळा.

बागेपासून सुरुवात करू. तुम्ही फार लिहिलं नाहीत, पण शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर जांभ्याची कच्ची वाटच असणार, मधोमध उंचवटा आणि दोन बाजूंना चाकोऱ्या. फॉर्च्युनरचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर. सेडानचा त्याहून आठ-एक सेंटिमीटर कमी. एवढंच असतं तरी जपून चालवता आलं असतं. पण एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही : ३२०डीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २८५१ मिलिमीटर आहे, तुमच्या फॉर्च्युनरचं २७५०. दिसायला बुटकी असलेली गाडी चाकांच्या मध्ये जास्त लांब आहे. त्यामुळे उंचवटा असो की ग्रामपंचायतीने रातोरात टाकलेला गतिरोधक, पोट टेकणार ते सेडानचं. लांबीला दोन्ही ४.७ मीटरच्या आसपास, तेव्हा "छोटी गाडी, पार्किंगला सोपी" ही समजूतही काढून टाका.

आंब्याच्या पेट्यांसाठी हंगामात छोटा हत्ती भाड्याने सांगता येईल, बरेच बागायतदार तसंच करतात. त्यामुळे पेट्यांचा मुद्दा मी धरत नाही. पण बागेत पेट्या न्यायलाच जातात असं थोडंच आहे? मोहोरावर फवारणी, राखण, कुठे गडगा कोसळला, कुठे माकडं आली. त्या प्रत्येक फेरीला दुसरी गाडी सांगणार नाही तुम्ही.

आता टायर. या सेडानना बहुधा रनफ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत, ८० किलोमीटरपर्यंत गाडी चालते. ही सोय पुणे–मुंबई रस्त्यावर उत्तम. पण त्यासाठी टायरच्या बाजू कडक केलेल्या असतात, आणि मुळात त्या बुटक्या असतात. खड्ड्याचा दणका टायरने गिळायचा, तो रिमला आणि तिथून बसलेल्याच्या कमरेला जातो. टायरच्या बाजूला फुगा आला की तो दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो. एकाला सहज वीस हजारांच्या वर, आणि तो चिपळुणात त्या दिवशी मिळेलच असं नाही. स्टेपनी आहे का, हे डिकी उघडून स्वतः पाहा. भाच्याला विचारू नका. त्याला कदाचित माहीतही नसेल.

यातच वहिनींच्या पाठीचा विषय येतो, आणि तिथे उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. तुमच्या फॉर्च्युनरला मागे अखंड एक्सल आहे : एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्या बाजूलाही हिसका बसतो. तो हेलकावा पाठदुखीवाल्याला नको होतो. सेडानची चारही चाकं आपापली हलतात, त्यामुळे चांगल्या रस्त्यावर वहिनींना निश्चित आराम मिळेल. मात्र पाटण ते कोयनानगरच्या मध्ये रस्ता उखडलेला असला की बुटके टायर तोच हिसका थेट देतील. शिवाय सेडानमध्ये बसायचं म्हणजे खाली उतरून बसायचं आणि उठताना कमरेवर जोर देऊन वर यायचं. पाठदुखीवाल्याला प्रवासापेक्षा हे उठणंच जड जातं.

आईंचंही तेच, फक्त उलट. फॉर्च्युनरमध्ये त्यांना चढवावं लागतं, सेडानमध्ये उतरवावं लागेल. ८१ वर्षांच्या गुडघ्यांना दोन्ही नकोत. त्यांना खुर्चीच्या उंचीची बैठक हवी. निर्णय घेण्याआधी एक करा : भाचा गाडी घेऊन येईल तेव्हा दोघींना मागच्या सीटवर चार वेळा बसायला-उठायला सांगा. तुम्ही स्टिअरिंगला हात लावण्याआधी. गाडी बघायला गेलेला पुरुष पुढच्या डाव्या दारातून बायकोला बसवतो, एक चक्कर मारतो आणि व्यवहार ठरवून येतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्यावर बोलत नाही.

पावसाळ्याबद्दल चिपळूणकराला मी काय सांगावं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत कुठवर आलं होतं, ते तुम्ही दुकानाच्या भिंतीवर दाखवू शकाल. त्याआधी २६ जुलै २००५. त्या पाण्यात फॉर्च्युनरही तरली नसती, ती काही होडी नाही. फरक पडतो तो अशा महापुरात नव्हे, दर वर्षीच्या फूट-दीड फूट पाण्यात. उंच गाडी त्यातून हळू निघून जाते. सेडानच्या गालिच्याखाली, सीटखाली वायरिंगचे जोड आणि कंट्रोल युनिट असतात. या गाडीची तर बॅटरीच डिकीत आहे. आत चार बोटं पाणी शिरलं तरी बिल लाखांत जाऊ शकतं. आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साध्या विमा पॉलिसीत ते बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करून पाहिली, तर ते कव्हर असूनही विमा कंपनी वाद घालते. हे शेवटचं वाक्य फॉर्च्युनरलाही लागू आहे.

वर्कशॉप हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा. ३२०डीचं अधिकृत काम करून घ्यायचं तर चिपळूणहून लांबच जावं लागणार. सर्व्हिसिंग पुण्याच्या फेरीत उरकेल, मान्य. पण जुलैमध्ये डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, गाडी जोर घेईना, आणि कुंभार्लीत दरड आलीये, अशा दिवशी काय? चिपळूणचा तुमचा मेकॅनिक हुशार असेल, पण त्या गाडीचं दुखणं वाचायला लागणारा स्कॅनर आणि पार्ट कोड करायची परवानगी त्याच्याकडे नसते. फॉर्च्युनरचं तुमचं इंजिन मात्र देशभर हजारो गाड्यांत फिरतंय, त्याचा पार्ट संध्याकाळच्या एसटीने येतो.

एका बाबतीत मात्र लोक तुम्हाला उगाच घाबरवतील. बीएस-६ डिझेलला धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. रोज दोन-चार किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती चोंदते, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. अर्धवट जळणाच्या प्रयत्नांत डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. हे खरं आहे. पण तुमची गाडी दर पंधरा दिवसांनी दोनशेहून जास्त किलोमीटर जाते-येते, त्यात जाळी साफ होईल. तुमच्या वापराने डीपीएफचं काही बिघडणार नाही. भाच्याने ती पाच वर्षं हिंजवडीच्या गर्दीत कशी चालवली, हा प्रश्न वेगळा, आणि तो घरच्या माणसालाही विचारायला हवा.

पैशांचं बोलू. २९ वजा ९, म्हणजे २० लाख तुमच्या खिशातून जाणार. सात टक्क्यांनी ठेवले तर त्यांचं वर्षाचं व्याज १ लाख ४० हजार. सेडान डिझेलमध्ये वाचवेल : फॉर्च्युनर लिटरला १० देते आणि ती १६ देईल असं धरलं, तर १५ हजार किलोमीटरला १५०० लिटरऐवजी साडेनऊशेच्या आत. नव्वद रुपयांनी हिशेब केला की वर्षाला ५० हजारांची बचत. ही रक्कम छान दिसते, पण सेडानचा विमा आणि चार टायरांचा वर्षाचा वाटा ती बहुतेक खाऊन टाकतील. विम्यातही एक गोम आहे. गाडी पाच वर्षांची झाली की बऱ्याच कंपन्या झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर) द्यायला हात आखडता घेतात, म्हणजे प्लॅस्टिक-रबराच्या पार्टचा अर्धा खर्च तुमच्या माथी. २०२०ची गाडी नेमकी त्या उंबरठ्यावर तुमच्याकडे येतेय.

आणि हीच जुन्या आलिशान गाडीची खरी मेख आहे. तिची किंमत पाच वर्षांत जवळपास निम्म्यावर येते. तिच्या हेडलाइटची, सस्पेन्शनची, गिअरबॉक्सच्या सुट्या भागांची येत नाही. गाडी २९ लाखांना मिळाली तरी बिलं नव्या गाडीच्या मालकाला येतात तीच येणार. पहिल्या मालकाकडे वॉरंटी असते आणि पुण्यातलं वर्कशॉप असतं. दुसऱ्याकडे दोन्ही नसलं, तर त्याने मोहात पडू नये.

आता मुलीच्या मुद्द्यावर येतो, कारण तो या सगळ्यांत वजनदार आहे. भाच्याच्या सेडानला सहा एअरबॅग आहेत, गाडी घसरू लागली तर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा लावून तिला सावरणारी यंत्रणा आहे, आणि युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या २०१९च्या टक्कर-चाचणीत या मॉडेलला पाच तारे मिळाले. तुमच्या गाडीकडे उंची आणि वजन आहे. ते वजन म्हणजे सुरक्षा नव्हे. उंच गाडी अचानक वळवली तर उलटण्याचा धोका जास्त. म्हणून मुलीला "आपली गाडी दणकट आहे" असं उत्तर देऊ नका, ते चुकीचं आहे. गाडी ठेवायची तर वेग ८०च्या आसपास ठेवा, ऊसतोडीच्या दिवसांत कराड-पाटण पट्टा अंधाराआधी पार करा, कारण रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कोणत्याही हेडलाइटला उशिराच दिसते. टायर किती झिजलेत याबरोबर किती जुने आहेत हेही बघा. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावायचा, आईंनीसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले ते महागड्या मर्सिडीजमधून जाताना, मागच्या सीटवर, पट्टा न लावता.

चेसिसकडे वळतो. फॉर्च्युनर शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बसवलेली गाडी आहे, आणि कोकणात या गाड्या इंजिनाने मरत नाहीत, गंजाने मरतात. १३ पावसाळे, जांभ्याचा चिखल, गुहागरची खारी हवा. गाडी लिफ्टवर घ्या, आधी खालून स्वच्छ धुऊन घ्या. मागच्या एक्सलच्या वर चेसिसला जिथे बाक येतो तिथे आणि सस्पेन्शनच्या माउंटिंगपाशी छोट्या हातोडीने ठोकून बघा. टणक आवाज आला, वरचा गंज खरवडल्यावर खाली निखळ लोखंड लागलं, तर गाडी ठेवा. आवाज बद्द आला, पापुद्रे निघाले, कुठे स्क्रूड्रायव्हर आत गेला, तर दुसऱ्या दिवसापासून विकायची तयारी. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका. गंजावर थेट अंडरकोटिंग मारून देणाऱ्याचं तर मुळीच नाही; त्याने गंज झाकला जातो आणि आत ओल अडकते.

चेसिस चांगली निघाली, तर आगोटीच्या आधी गाडीवर दीड-दोन लाख मोकळ्या हाताने खर्च करा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती शोधा. या इंजिनात तो पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. पावती सापडली नाही तर बदला. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचे सील असतात, ते गळू लागले की काजळी ऑइलमध्ये मिसळून खाली ऑइल ओढणारी जाळी बुजवते. जाणकार मेकॅनिकला ते तपासायला सांगा. इंजेक्टरच गेलेले निघाले तर बजेट वाढेल, पण तसं असतं तर सकाळी स्टार्ट करताना तुम्हाला कळलं असतं. मग शॉक ॲब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे बुश नवे. वहिनींसाठी हा खर्च आधी करा. आणि टायरमध्ये हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणेच भरा. पंपावरचा मुलगा मोठी गाडी बघून चाळीस भरतो आणि दोष गाडीला जातो.

कागदांचंही बघा. २०१२च्या गाडीची नोंदणी २०२७ला १५ वर्षांची होते. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर १० वर्षांची मर्यादा आली, ती महाराष्ट्रात नाही. इथे आरटीओकडून फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. २०२२पासून मोटारीसाठी त्याची फी ५ हजार आहे, वर पर्यावरण कर. चेसिस ठणठणीत असेल तर यात अडण्यासारखं काही नाही. विकायची असेल तर मात्र २०२७ उजाडायच्या आत विका. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला हे ९ लाख कोणी देणार नाही.

आणि ती विकावी लागली, तरी ३२०डीकडे परत जाऊ नका. ज्या कंपनीचं वर्कशॉप चिपळुणात किंवा फार तर रत्नागिरीत आहे, तिची चार-पाच वर्षांची मध्यम उंचीची, सहा एअरबॅगची, चेसिसविना बांधलेली एसयूव्ही बघा. ऑटोमॅटिक घ्या. आईंना त्यात बसायलाही बरं पडेल. १५ ते २० लाखांत काम होईल.

हे सगळं वाचूनही मन भाच्याच्या गाडीतच अडकलं असेल, तर निदान नात्याच्या भिडेपोटी तपासणी टाळू नका. चेसिस नंबरवरून कंपनीकडून पूर्ण सर्व्हिस इतिहास काढा, सर्व्हिस पॅकेज शिल्लक असेल तर ते नव्या मालकाच्या नावे चालतं का ते लेखी घ्या, वाढीव वॉरंटी मिळत असेल तरच पुढे जा. गाडी पुण्याची असल्याने रोड टॅक्स पुन्हा भरावा लागणार नाही, पण त्या आरटीओची एनओसी घेऊन एमएच-०८ला, म्हणजे रत्नागिरी आरटीओत, नाव बदलून घ्यावं लागेल, आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ हवाच. भाचा परदेशी गेल्यावर त्याची सही मिळवायला महिने जातात. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० त्याच्या विमानाआधी सह्या होऊन तुमच्या हातात असू द्या.